गायागुम आणि ह्वांग ब्युंगकी: ऐकण्याची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (पंचवटी, नाशिक): मी गेली नऊ वर्षे सतार शिकत आहे. गायागुम या १२ तारांच्या कोरियन वाद्यावर डावा हात घोडीच्या (तार उचलून धरणाऱ्या आधाराच्या) पलीकडे तार दाबून स्वर हलवतो, तेव्हा मला आपली मींडच (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) आठवते. कोरियन वादक-संगीतकार ह्वांग ब्युंगकी (१९३६–२०१८) यांनी या वाद्यासाठी नवे काय केले?

उत्तर (गंगापूर रोड): कोरियन युद्धाच्या धामधुमीत, १९५१ मध्ये, बुसानला असताना त्यांनी गायागुमचे शिक्षण सुरू केले आणि पुढे कायद्याची पदवी घेऊनही ते याच वाद्याचे झाले. १९७५ च्या ‘मिगुंग’ या रचनेत त्यांनी गायागुमवर चेलोचा गज फिरवला, तालवाद्याच्या काठीने तारा छेडल्या आणि सोबत स्त्रीकंठातले हसणे-रडणे ठेवले. माझ्या मते मात्र सुरुवात तिथून करू नये. आधी त्यांच्या शांत रचना ऐकाव्यात.

उत्तर (नाशिकरोड): सहमत आहे. मींडेबाबत एक दुरुस्ती सुचवतो: आपण सतारीच्या पडद्यावर तार आडवी ओढतो, तिथे प्रत्येक तारेला स्वतंत्र, सरकणारी घोडी असते. शिवाय रेशमी तारेचा नाद लवकर विरतो, म्हणून स्वरानंतरची शांतताही कान देऊन ऐकावी.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आज रियाझानंतर दिवा मालवून ऐकतो.