पुढची फळी नवी, पण मधलं काय?

२०२५ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबात कुन्या, म्बेमो आणि शेश्को हे नवे फॉरवर्ड आले. आता अमोरिमला (जानेवारी २०२६ पर्यंतचा प्रशिक्षक) सबब उरली नाही, असं लोक तेव्हा म्हणत होते; ते मला अर्धंच पटलं. त्याआधीच्या २०२४-२५ मोसमात युनायटेडने प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत जेमतेम ४४ गोल केले आणि संघ १५व्या क्रमांकावर घसरला. म्बेमोने ब्रेंटफर्डकडून लीगमध्ये २० आणि कुन्याने वूल्व्हजकडून १५ गोल मारले होते, म्हणून पुढच्या फळीवर पैसा ओतला ते बरोबरच. युनायटेडचाच फॉरवर्ड रॅशफर्ड उसना (लोनवर) बार्सिलोनाला गेला, त्यावर आणखी डोकं शिणवण्यात अर्थ नव्हता.

माझी खरी काळजी मधल्या दोघांची होती. अमोरिमच्या ३-४-३ रचनेत मागे तिघे, पुढे तिघे आणि मधल्या चौघांतले दोघे कडेला, म्हणजे मिडफिल्डला (मैदानाच्या मध्यभागी) दोनच माणसं. समोरच्या संघाने तिथे तिघं उतरवले की एकजण कायम मोकळा राहतो. त्याला अडवायला सेंटरबॅक (मधला बचावपटू) पुढे आला तर त्याच्यामागे भगदाड, नाही आला तर तो मोकळा खेळाडू आरामात वळून पास देतो. हे धावण्याचं काम तिशी ओलांडलेल्या मिडफिल्डर कासेमिरोने त्या वयात करायचं होतं? आणि ब्रुनो फर्नांडिसला पुढून खाली मिडफिल्डला ओढायचं म्हणजे आपला सगळ्यात चांगला पासर गोलपासून लांब नेऊन ठेवायचा. मला तरी हा हिशेब कळला नाही.

अमोरिमच्या बाजूने एक सांगतो. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, मोसम अर्ध्यात असताना आला, त्याला सरावाला वेळच नव्हता. २०२५-२६ मध्ये युरोपातले सामने नव्हते, म्हणजे आठवडा मोकळा होता. (२०२५ ची बिल्बाओतली युरोपा लीग फायनल हरल्याचा एवढाच फायदा!) त्याआधी पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला त्याने याच पद्धतीने २०२१ आणि २०२४ मध्ये लीग जिंकून दिली होती. माझं तेव्हाचं म्हणणं हेच होतं: त्याला ठेवा, पण आधी एक धावणारा मिडफिल्डर आणा.