शब्दचर्चा: नदीचा शोध ‘लावला’ की ‘घेतला’?

प्रश्न: चार्ल्स स्टर्टच्या ऑस्ट्रेलियातल्या नदीप्रवासावर मराठीत लिहिताना ‘त्याने मरे नदीचा शोध लावला’ हे बरोबर ठरेल का? त्याला संशोधक म्हणावं की समन्वेषक (एक्सप्लोरर)? मुखाजवळच्या पाण्याला खाडी म्हटलं तर चालेल?

उत्तर: ‘शोध लावला’ इथे टाळाच. काठावर हजारो वर्षांपासून लोकांची वस्ती होती, आणि युरोपीयांपुरतं बोलायचं तरी ह्यूम आणि हॉवेल यांनी १८२४मध्येच ही नदी वरच्या अंगाला ओलांडली होती. त्यांनी तिला ह्यूम हे नाव दिलं. १४ जानेवारी १८३० रोजी मरमबिजी नदीतून स्टर्टची होडी एका रुंद पात्रात शिरली; ती हीच नदी, हे त्याला ठाऊक नव्हतं. पश्चिमेकडे वाहणाऱ्या या नद्या शेवटी जातात कुठे, याचा त्याने मुखापर्यंत जाऊन ‘शोध घेतला’. हे क्रियापद त्याच्या कामाला नेमकं लागू पडतं. विश्वकोशी लेखनात ‘समन्वेषक’ ठीक आहे. लेख सर्वसाधारण वाचकांसाठी असेल तर ‘नदीमार्गाचा शोध घेणारा’ असं उलगडून लिहा. ‘संशोधक’ म्हटलं की प्रयोगशाळाच डोळ्यांपुढे येते.

पुरवणी: तीर सांगताना गफलत फार होते. प्रवाह ज्या दिशेने जातो तिकडे तोंड करून उभं राहायचं; उजव्या हाताला येतो तो उजवा तीर. डार्लिंग नदी मरेला उजव्या तीरावर मिळते. परतताना, प्रवाहाविरुद्ध वल्हवणाऱ्या स्टर्टच्या होडीला तो संगम डावीकडे लागला, तरी लिहायचं ‘उजव्या तीरावर’च. संदिग्धता नको असेल तर सरळ ‘उत्तरेकडून’ म्हणा.

दुसरं उत्तर: होड्यांसाठी एकच शब्द वापरू नका. मोठी व्हेलबोट (लांबट, वल्ह्यांची होडी) सुट्या भागांत बैलगाड्यांवरून आणून मरमबिजीच्या काठी जोडली होती. सामानासाठी तिथल्याच लाकडाचं एक छोटं होडगं बांधलं. ७ जानेवारीला निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी हे होडगं पाण्याखालच्या खोडावर आदळून बुडालं. इथे ‘खडकावर आदळलं’ असं भाषांतर वाचलंय, ते साफ चूक आहे. या नद्यांत काठावरची झाडं पात्रात कोसळतात आणि वरून दिसत नाहीत. खरा धोका तो. बुड्या मारून सामान वर काढलं खरं, पण मांसाच्या पिंपांतल्या खारवणात (मिठाच्या पाण्यात) नदीचं गोडं पाणी मिसळलं आणि मांस नासलं. ‘भिजून खराब झालं’ एवढंच लिहिलं तर कारण हरवतं: खारवण पातळ झालं की मांस टिकत नाही.

पुन्हा, मुखाबद्दल: कोकणातल्या वाचकाला ‘खाडी’ म्हटलं की भरतीचं पाणी आत शिरणारं, होड्या ये-जा करणारं नदीमुख दिसतं. स्टर्टला ९ फेब्रुवारीला आधी अलेक्झांड्रिना हे उथळ, विस्तीर्ण सरोवर लागलं. त्यापुढे वाळूच्या दांड्यांमधली अरुंद वाट, तीही जहाजाला आत यायला निरुपयोगी. म्हणून आधी ‘सरोवर’, मग ‘मुख’ असं लिहावं. शेजारच्या कूराँगला ‘खारकच्छ’ हा शब्द चपखल बसतो, कारण समुद्र आणि ते पाणी यांच्यामध्ये वाळूची लांब पट्टी आहे.

राहिला स्टर्टच्या सामानातल्या ‘स्टिल’चा (still) मराठी शब्द. डार्लिंगचं पाणी १८२९मध्ये खारट लागलं होतं, म्हणून पाणी गोडं करायला त्याने ते सोबत घेतलं होतं. त्याला ‘भट्टी’ म्हणू नका, दारूचा भास होतो. ‘ऊर्ध्वपातनाचं भांडं’ म्हणा.