उंच गेलेला पडला की बरं का वाटतं: मत्सर की न्याय?

काटकोन
यशस्वी माणूस तोंडघशी पडला की बघणारे सुखावतात आणि आपण 'जळतात लोक' म्हणून मोकळे होतो. मला हे निदान आळशी वाटतं. ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फेदर यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. ऑस्ट्रेलियात अशा माणसाला 'टॉल पॉपी' म्हणतात, म्हणजे बाकीच्यांच्या वर डोकं काढलेलं पॉपीचं रोप. ते छाटायची खोड आपल्याला आहे, हे तिथले लोक स्वतःच सांगतात.

फेदर यांची मांडणी अशी: बघणारा आधी निवाडा करतो. कृती चांगली होती की वाईट, वाट्याला आलेलं फळ चांगलं की वाईट, आणि त्या कृतीला तो माणूस स्वतः जबाबदार होता का. कृती आणि फळ जुळलं तर त्याची ती लायकीच होती, नाही जुळलं तर अन्याय. खरी मेख पुढे आहे. कृती चांगली की वाईट हे ठरतं बघणाऱ्याच्या मूल्यांवरून. एकाला शिस्त मोठी वाटते, दुसऱ्याला समता; एकाच निदर्शकाला झालेला दंड पहिल्याला योग्य वाटेल, दुसऱ्याला जुलूम. दोघंही न्यायाचीच भाषा बोलत असतात आणि खोटं कुणीच बोलत नसतं.

२००२ साली फेदर यांनी रिबेका शर्मन या संशोधिकेसोबत केलेल्या अभ्यासात, यशस्वी विद्यार्थ्याच्या अपयशाचा आनंद मत्सरापेक्षा 'याला हे यश मिळायलाच नको होतं' या रागाशी जोडलेला निघाला. म्हणून माझं मत: मत्सर असतो, पण गाडी निवाडाच हाकतो.

दुसरीबाजू
साफ असहमत. मत्सर स्वतःच्या नावाने कधी दार ठोठावतो का? न्यायाचा अंगरखा घालूनच येतो. आणि धागाकर्त्याने फेदर यांचाच १९८९ चा अभ्यास सोयीस्करपणे गाळलाय. त्यात परीक्षेत कॉपी करताना पकडलेला एक हुशार आणि एक साधारण विद्यार्थी होता. गुन्हा तोच, तरी हुशाराला जास्त कडक शिक्षा हवी होती आणि तो पकडला गेल्याचा आनंदही जास्त होता. शिवाय हुशार विद्यार्थी पार तळाला जाण्यापेक्षा मधल्या फळीत आला, तर लोकांना अधिक बरं वाटत होतं. म्हणजे आपल्या रांगेत आला की झालं! ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर कमी, त्यांना अशी पडझड जास्त हवीशी वाटते, हेही तिथेच आहे. याला मत्सर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तर मत्सर आणि दुसऱ्याच्या पडझडीचा आनंद यांचा थेट संबंध दाखवलाय.

काटकोन
स्मिथ यांच्या प्रयोगातला विद्यार्थी चोरीच्या आरोपात अडकतो. त्याचं संकट त्याच्याच करणीचं, मग तिथला आनंद निव्वळ मत्सराच्या खात्यावर कसा टाकणार? कॉपीचं म्हणाल, तर ज्याला गरज नव्हती त्याने फसवलं, हे जास्त चीड आणणारं नाही का?

दुसरीबाजू
बरं. मग पार तळाला न जाता मधल्या फळीत येण्याचं काय? त्याला उत्तर दिलंच नाहीत.

अधोरेखित
तुम्ही दोघंही मत्सरावर अडकलात. मला सूत्राचाच संशय आहे. फेदर म्हणतात कृती आणि फळ ताडून निवाडा होतो. पण माणसं बऱ्याचदा उलटीकडून येतात: आधी फळ बघतात आणि त्याला साजेशी कृती शोधतात. १९६६ मधला मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांचा प्रयोग घ्या. एका स्त्रीला विजेचे झटके बसताना दाखवले (नाटक होतं, बघणाऱ्यांना माहीत नव्हतं). तिचा त्रास थांबवता येत होता तेव्हा लोक तिच्याशी बरे वागले. तो चालूच राहणार असं कळल्यावर मात्र तिचीच किंमत कमी करू लागले. तिने काय केलं होतं? काहीही नाही. जग न्याय्य आहे हा समज टिकवायचा तर कुणाला तरी नालायक ठरवावंच लागतं. मग 'स्वतः जबाबदार होता का' हा रकाना कोण भरतं आणि कधी, हे आधी सांगा. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी भरला जातो, आणि बेकारांना त्यांच्या बेकारीसाठी जबाबदार धरताना तर डोळे मिटून.

रिकामटेकडी
अधोरेखित +१. कागदावरच्या काल्पनिक विद्यार्थ्यांवरून एवढं काही ठरू नये.

अवांतर: पॉपीची गोष्ट रोमन आहे. रोमच्या टार्क्विन राजाकडे त्याच्या मुलाचा दूत सल्ला विचारायला आला तेव्हा राजा काही बोललाच नाही, बागेतल्या उंच पॉपींची डोकी उडवत फिरला. मुलाने इशारा ओळखून गाबी शहरातली बडी माणसं संपवली. त्यात मत्सर कुठे आणि न्याय तरी कुठे? सरळ सत्ता.

काटकोन
अधोरेखित, जिथे बळी निरपराध आहे तिथे तुमचं मान्य. पण फेदर लायकी आणि हक्क वेगळे ठेवतात. इस्टेट वारसाला मिळते ती कायद्याने; त्याने ती कमावलेली नसते. दोन श्रीमंत घ्या, एक वारस, एक कष्टाने वर आलेला. संपत्ती सारखी, म्हणजे जळायला कारणही सारखंच. दोघांचं दिवाळं निघालं तर कुणाच्या पडण्याचा आनंद होईल?

दुसरीबाजू
दोघांच्याही. वारसाच्या वेळी तो बोलून दाखवता येतो इतकंच, आणि प्रश्नावलीत बोलून दाखवलेलंच उतरतं.