मराठी गद्य लिहायला एडिटरची कॉन्फिग कशाला?

अनगोळकर
दिवाळी अंकाचे लेख तपासताना आमच्यात वाद झाला, तो इथे आणतोय. माझं म्हणणं, लांब लेख लिहायला विम हा कळांच्या कमांडवर चालणारा एडिटर उत्तम, पण आधी कॉन्फिग, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज, बदला. विमच्या लेखी अख्खा परिच्छेद म्हणजे एकच ओळ. 'लाइनब्रेक' ही सेटिंग बंद असेल तर कडेला शब्द कुठेही तुटतो. 'राष्ट्र'मधला 'राष्' वर, 'ट्र' खाली. खालच्या ओळीवर जायला 'जे' दाबावं तर थेट पुढचा परिच्छेद! म्हणून 'जे' ला 'जीजे' आणि वर नेणाऱ्या 'के' ला 'जीके' जोडायचं, म्हणजे कर्सर पडद्यावर दिसणाऱ्या ओळीनुसार सरकतो. ओळींचे आकडे बंद. एवढं पुरे, रंगबिंग नंतर.

खडेबाजार डीटीपी
काय करूलास रे? मजकूर शेवटी पानं लावायला माझ्याकडेच येतो ना? वर्ड नाहीतर लिब्रेऑफिसमध्ये द्या. संपादकाने काय खोडलं ते लेखकाला तिथल्या तिथे दिसतं. आमच्या लेखकांना फाइल जोडून मेल करता आली तरी गंगेत घोडं न्हालं, आणि तू त्यांना कॉन्फिग शिकवणार!

अनगोळकर
लेखकांना कोण शिकवतंय? मी तपासणाऱ्याचं बोलतोय. एका ओळीत एकच वाक्य ठेवलं की गिट, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, नेमकं बदललेलं वाक्य दाखवतं.

खानापूर पूर्व
तुमचं 'जे-के' माझ्याकडे चालतच नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर 'जे' च्या कळेला 'र' आहे. कमांड द्यायला एस्केप मारून कळ दाबली की विमला 'र' पोचतो आणि कर्सर ढिम्म. 'लँगमॅप' या विमच्या सेटिंगमध्ये 'र' म्हणजे 'जे', 'क' म्हणजे 'के' असं लिहिल्यावर जमलं. शाळेचे अहवाल मात्र कन्नडात. कळांच्या जागा त्याच, पण अक्षरं वेगळी, म्हणजे लँगमॅप पुन्हा लिहा. हौस म्हणून ठीक, एरवी बोटं नोटपॅडकडेच वळतात.

निपाणीवाला
विम सोडा, इमॅक्स हा दुसरा एडिटर घ्या. देवनागरी आणि कन्नड इनपुट त्याच्या आतच आहे, बाहेरचा कीबोर्ड इंग्रजी राहतो, त्यामुळे कमांड अडत नाहीत. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबून चालू-बंद. टर्मिनलमध्ये नको, खिडकीत चालवा, जोडाक्षरं नीट दिसतात. फक्त हनस्पेल या शुद्धलेखन तपासनीसाच्या भरवशावर राहू नका, 'घरासमोरच्यांनाही' असा शब्द आला की लाल रेघ ठरलेली.

खडेबाजार डीटीपी
खरी डोकेदुखी कुणीच बोलेना. जुन्या फॉन्टातला लेख युनिकोडमध्ये आणला की रफार पुढच्या अक्षरामागे जाऊन बसतो. 'धर्म'चं 'धमर्', 'धर्माचा'चं 'धमार्चा'. त्याला तुझा विम काय करणार?

अनगोळकर
'धमर्' एका आदलाबदलीत सुटतो, कारण मराठी शब्द 'र्' वर संपत नाही. शेवटी 'र्' दिसला की उचलून आधीच्या व्यंजनाअगोदर ठेवायचा.

खडेबाजार डीटीपी
आणि मधला? 'धमार्चा' आणि 'मार्ग', दोन्हीकडे 'मा'पुढे 'र्' आहे. एक चूक, एक बरोबर. तुझी आदलाबदली 'मार्ग'चीसुद्धा वाट लावेल.

अनगोळकर
तिथे सरसकट बदल नाहीच. प्रत्येक ठिकाणी थांबून हो-नाही विचारणारा पर्याय विममध्ये आहे. बिघडलेल्या लेखातली दोन पानं पाठव, आदलाबदलीची ओळ लिहून इथेच टाकतो.