पाठ केलेलं की रचलेलं? रशच्या नील पिअर्टचं ड्रमिंग

देवगडकर

गेल्या गुरुवारी आमच्या वाडीतल्या भजनाची तालीम संपली, पेटी मिटली, चहा आला. मी मोबाईल छोट्या स्पीकरला जोडून कॅनडाच्या रश बँडचं 'वाय वाय झेड' लावलं. साडेचार मिनिटांचंही नाही, आणि त्यात एकही शब्द नाही. आमचा मृदंगवाला मित्र पुडीवर बोटं टेकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हात तयार आहे. पण हा माणूस पाठ केलेलं वाजवतो." ते वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तो इथे येऊन लिहिणारच आहे, म्हणून आधी माझं म्हणणं मांडतो.

हे संगीत माझ्याकडे मामाकडून आलं. मामा मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होता. एका सुट्टीत त्याने कुठल्याशा बंदरातून १९८१ चा 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बम कॅसेटवर आणला. पडवीत टेपरेकॉर्डर लावला आणि हे गाणं सुरू झालं, तसा मामा एकदम उठून बसला. "थांब, मागे घे." पेन्सिल घेऊन त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या कडेला रेघा आणि टिंबं काढली. रेघ-टिंब-रेघ-रेघ, पुन्हा तेच, मग रेघ-रेघ-टिंब-टिंब. "अरे, हे मोर्स आहे. वाय, वाय, झेड." तो टोरांटो विमानतळाचा संकेत आहे आणि गाण्याची लय त्यावरच बांधली आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मामाने एक चूकही काढली होती: नियमाने रेघ टिंबाच्या तिप्पट लांब हवी, यांनी दुप्पटच ठेवली आहे. लगेच म्हणाला, "तिप्पट ठेवली असती तर गाणं झालं नसतं."

सुरुवातीला ते संकेत ज्यावर वाजतात त्या क्रोटाल्स, म्हणजे सुरात लावलेल्या काशाच्या छोट्या तबकड्या. आपल्या टाळांच्या नात्यातल्या.

पिअर्ट १९७४ च्या जुलैत बँडमध्ये आला आणि तेव्हापासून बहुतेक गाण्यांचे शब्दही त्यानेच लिहिले. माझ्या मते त्याचं वाजवणं समजायचं तर हे आधी लक्षात घ्यावं लागतं. शब्द लिहिणारा माणूस ओळ पुन्हा पुन्हा घासतो, आणि एकदा ती बसली की हलवत नाही. त्याचे ड्रमही तसेच आहेत. तुकारामांचा अभंग रोज शब्द बदलून म्हणतो का आपण?

आणि म्हणूनच दुसरी गोष्ट मला सलते. बँडमधले बाकीचे दोघं, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन, यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ मध्ये ते रशची गाणी घेऊन पुन्हा दौऱ्यावर निघणार आणि ड्रमवर जर्मनीची अनिका निलेस असणार. पिअर्ट ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कर्करोगाने गेला. त्याच्या जागेवर कोणीही बसू नये असं मला मनापासून वाटतं.

मृदंगवाला

तो मित्र मीच. बोललो ते मागे घेत नाही, नीट सांगतो.

मी दशावतारात वाजवतो. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं आणि रात्री रंगमंचावर नटाला सुचेल तसे संवाद होतात. युद्धाच्या नाचात राजा तीन गिरक्या घेईल की सात, हे मला आधी माहीत नसतं. त्याच्या पायावर डोळे लावून बसायचं, त्याचा श्वास लागला की ओळखायचं आणि तो थांबेल तिथे थाप द्यायची. चुकलो तर राजा गावासमोर पडतो. वाजवणं म्हणजे माझ्यासाठी हे.

आता तुमच्या पिअर्टचे व्हिडिओ बघा. रशचं 'टॉम सॉयर' हे गाणं वाजताना हजारो माणसं हवेत हात फिरवून त्याच्यासोबत तेच घाव घालतात, कारण पुढचा घाव कुठे पडणार हे सगळ्यांना पाठ आहे. वर्षानुवर्षं तेच. त्याच पिढीतला ड्रमर बिल ब्रूफर्ड बघा. येस बँडला यश मिळायला लागलं आणि १९७२ मध्ये तो उठून किंग क्रिमसन बँडमध्ये गेला, जिथे उद्या काय वाजेल याची खात्री नव्हती. त्याला मी वादक म्हणतो. पिअर्टला उत्तम सुतार म्हणेन. लाकूड सरळ, सांधा पक्का, पण झाडाला वारा लागत नाही.

रत्नागिरीहून

मृदंगवाले दादा, मी तबला शिकवते, म्हणून बोलते.

तबल्यातला कायदा, म्हणजे एक मूळ बोल, त्याचा विस्तार जागेवर होतो, मान्य. पण गत? चक्रदार? त्या बांधलेल्या रचना, ठरलेल्याच असतात. माझे गुरुजी एखादी जुनी गत वाजवण्याआधी ज्या उस्तादांनी ती रचली त्यांचं नाव घेऊन कानाला हात लावायचे आणि मग एक अक्षरही न हलवता वाजवायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा बघितला असता तर "पाठ केलेलं" हा शब्द तुमच्या तोंडून निघाला नसता.

आता मामांनी काढलेल्या रेघा मोजू. रेघेला दोन, टिंबाला एक. वायचे सात, पुन्हा सात, झेडचे सहा. एकूण वीस, म्हणजे दहा मात्रांत दुपटीने बसतं. माझे विद्यार्थी लगेच "झपताल!" म्हणतात. नाही. झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन. इथे साडेतीन, साडेतीन आणि तीन. मात्रा तेवढ्याच, चालणं वेगळं. तसंच रशच्या 'सबडिव्हिजन्स' गाण्याची सुरुवात सातात आहे म्हणून तो सात मात्रांचा रूपक होत नाही. रूपकाची सम टाळीवर नाही, 'खाली'वर म्हणजे मोकळ्या हातावर येते, ती गंमत तिथे नाही. दोन्हीकडचं खरं कौतुक करायचं असेल तर उगाच नातं जोडू नये.

पण देवगडकर, तुमचंही सगळं मला पटत नाही. १९८४ च्या 'ग्रेस अंडर प्रेशर' अल्बमपासून त्याने पाठीमागे सिमन्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक ड्रम लावले. पुढे तर बैठकच गोल फिरायची आणि तो संच समोर यायचा. त्या आवाजात मला कातडं ऐकू येत नाही. रचना कितीही सुंदर असो, घावाला अंग लागतं.

वेंगुर्ल्याचो

माका तुमचे मात्रे कळणत नाय. झिलान काल 'वाय वाय झेड' हेडफोनार लावन दिल्यान, म्हणान ऐकलंय. मधी येक जागा आसा, थय गिटार गप रवता नि बेस आणि ड्रम येकमेकांका उत्तरां देतत. माका थय डबलबारीच दिसली. दोन बुवा समोरासमोर बसान सवाल-जवाब करतत, तसा. पाठ केलला आसात नायतर नसात, माझ्या आंगार काटो इलो. येवढाच सांगूचा होता.

मृदंगवाला

वेंगुर्लेकरांशी मी भांडत नाही. काटा आला तर आला, तिथे वादच संपतो.

ताई, गतीचा मुद्दा बरोबर आहे. पण गत पेशकार-कायद्याच्या मागून येते. आधी तासभर मोकळं वाजवलेलं असतं, म्हणून तिचं ठरलेपण शोभतं. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत गतच आहे. १९७८ च्या 'हेमिस्फिअर्स'वरचं साडेनऊ मिनिटांचं 'ला व्हिला स्ट्रँजिआटो' घ्या. स्वतःचेच लाड पुरवण्याचा सराव, अशा अर्थाचं उपशीर्षक त्यांनी स्वतःच त्याला दिलं आहे.

आणि माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार पिअर्टच. १९९४ च्या सुमारास जॅझ ड्रमर बडी रिचच्या स्मरणार्थ त्याने जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदासोबत काम केलं. तिथे आपलं अंग ताठ आहे, हे त्यालाच जाणवलं. तो फ्रेडी ग्रुबरकडे शिकायला गेला आणि डाव्या हाताची काठी धरण्याची पद्धतसुद्धा बदलली. जे मी गुरुवारी म्हणालो, ते त्याला आधीच कळलं होतं.

देवगडकर

नेमकं तेच मी सांगणार होतो, फक्त माझा अर्थ उलटा.

चाळिशी ओलांडलेली, नाव जगभर झालेलं, हजारो मुलं याच्यासारखं वाजवायचं म्हणून काठ्या हातात घेणारी. असा माणूस म्हाताऱ्या गुरूपुढे बसतो आणि काठी कशी धरायची इथून सुरुवात करतो. रोज सराव करतो आणि १९९६ च्या 'टेस्ट फॉर एको'वर त्या नव्या हाताने वाजवतो. ज्याला नुसतं पाठ म्हणायचं असतं तो कशाला करेल हे? पुढे २०१२ च्या 'क्लॉकवर्क एंजल्स'च्या वेळी तर त्याने आधीपासून बांधून आणणंच कमी केलं. गाणं चार-दोनदा स्वतःशी वाजवून बघायचं, मग निर्माता निक रास्कुलिनेझ समोर उभा राहून एका काठीने इशारे करणार आणि हा त्याच्याकडे बघत वाजवणार. दादा, तुम्ही राजाच्या पायाकडे बघता, तो त्या काठीकडे बघत होता. साठीला टेकलेला असताना.

आणि मधली वर्षं विसरू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्याची तेव्हाची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांत बायको कर्करोगाने गेली. त्याने वाजवणं सोडलं आणि मोटारसायकलवर हजारो मैल एकटा फिरत राहिला. बँड संपला असंच सगळे धरून चालले होते. मग २००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' आला. त्याचं पहिलं गाणं ड्रमनेच सुरू होतं, दोन्ही पायांनी, धडाधड. गिटार नंतर येते. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आषाढातली रात्र होती, वीज गेलेली, सेलवरचा प्लेअर. मला रडू आलं. त्या अल्बमचं ध्वनिमुद्रण फार कर्कश झालं होतं, इतकं की २०१३ मध्ये तो नव्याने मिसळून काढावा लागला. पण ती पहिली काही सेकंदं मला त्या कर्कश आवाजातच हवी असतात.

ताई, सिमन्सबद्दल तुमचं बरोबर आहे. मलाही तो आवाज कधी आवडला नाही.

दापोलीचा विद्यार्थी

मी एकोणीस वर्षांचा आहे. रबराच्या पॅडवर शिकतोय, कारण शेजारी आजारी माणूस आहे. अनिका निलेसला मी रशच्या बातमीआधीपासून ऑनलाइन बघत आलो आहे. २०२२ मध्ये ती गिटारवादक जेफ बेकसोबत दौऱ्यावर होती. तिचा घाव पिअर्टसारखा नाही, सैल आहे, थोडा मागे रेंगाळतो.

देवगडकर काका, तुमच्या दोन गोष्टी मला एकमेकींशी जुळवता येत नाहीत. तुम्ही म्हणता ती रचना आहे, अभंगासारखी. मग अभंग तर रचणारा गेल्यावरच जास्त गायला जातो ना? तुकोबांच्या जागी कोण बसलं असं वारीत कोणी विचारत नाही. आणि मृदंगवाले काका म्हणतात तसं ते जागच्या जागी सुचलेलं असतं, तर मात्र ते त्याच्यासोबतच संपलं असतं. म्हणजे दुसऱ्याने वाजवू नये हे खरं तर त्यांनी म्हणायला हवं, तुम्ही नाही.

रत्नागिरीहून

बाळा, हे मला सुचायला हवं होतं.

देवगडकर

तुझं पुन्हा पुन्हा वाचलं. काल दिवसभर उत्तर सापडलं नाही.

१ ऑगस्ट २०१५. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडच्या फोरम सभागृहातला रशचा शेवटचा कार्यक्रम. पिअर्ट कधीही ड्रमच्या मागून पुढे यायचा नाही. लोकांसमोर उभं राहणं त्याला जड जायचं, संपलं की थेट निघून जायचा. त्या रात्री तो उठला, पुढे आला, दोघांच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. नवा दौरा त्याच सभागृहातून सुरू करायचा त्यांनी ठरवलं आहे. माझ्या मनात त्या जागेवर अजून तोच उभा आहे.

ही भावना आहे, युक्तिवाद नाही, हे मान्य करतो. त्याची रचना दुसऱ्याने वाजवावी याला आता माझ्याकडे विरोध नाही. वाजवलीच पाहिजे. ऐकायला मात्र मला थोडा वेळ लागेल.

मृदंगवाला

दापोलीच्या मुलाने मला बरोबर पकडलं. मी ब्रूफर्डच्या बाजूने बोलत राहिलो, पण मला निलेस ऐकायची आहे, आणि तीही त्याची रचना स्वतःच्या अंगाने कशी वाजवते हे बघायला. तिने अक्षर न अक्षर तसंच ठेवलं तर माझं म्हणणं तसंच राहील.

आणखी एक. काल रात्री मृदंग काढला. पावसाळी हवेने पुडी उतरली होती. गट्टे ठोकून वर आणली, डाव्या तोंडाला कणीक लावली आणि मामांच्या रेघा हातावर घेतल्या. माझ्या मुलाला टाळ दिला आणि झपतालाच्या टाळ्या धरायला सांगितल्या.

धाऽ ति धाऽ धाऽ । धाऽ ति धाऽ धाऽ । धाऽ धाऽ ति ट

पहिल्या तीन आवर्तनांत पडलो. दुसरा वाय मात्रेच्या बरोबर मधे सुरू होतो, तिथे टाळ ऐकला की हात घसरतो. चौथ्यात सापडलं. ताई, तुम्ही म्हणालात की नातं जोडू नये, पण हे बघा: सात मात्रा गेल्या की झेड आठव्या मात्रेवर येतो, आणि झपतालाची तिसरी टाळी तिथेच आहे. पहिला वाय समेवर सुरू होऊन दुसरी टाळी चुकवतो, दुसरा मात्रेच्या मधेच सुरू होतो, आणि झेड तिसऱ्या टाळीवर नेमका पडतो. त्याने झपताल धरून ते केलं असेल असं मी म्हणत नाही. पण अर्धा तास आम्ही दोघं तेवढंच वाजवत बसलो. पोरगा टाळ सोडायला तयार नव्हता.

गुरुवारी तालमीनंतर अर्धा तास थांबा, देवगडकर. आणि ती कॅसेट अजून असेल तर घेऊन या.