वाकड्या रोहूचा आळ कुणावर?

तंगूस (धागाकर्ता)
परवा रविवारी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गळ टाकून बसलो होतो. कणकेच्या गोळीला पावणेदोन किलोचा रोहू लागला. ओढ नेहमीसारखीच, पण काठावर घेतला आणि हात थबकला. पाठीवरच्या पराच्या मागं कणा असा वळलेला, की कुणी मुरगळून परत पाण्यात टाकलाय. मागच्या महिन्यात एका चिलापीला डाव्या बाजूचं कल्ल्याचं झाकण अर्धंच होतं, आतला लाल कल्ला उघडा.

आता हा योगायोग आहे असं मला कुणी सांगू नका. शहराचं सांडपाणी घेऊन जयंती नाला नदीत येतो. गळिताच्या दिवसांत साखर कारखान्यांच्या मळीचा वास कुणाला सांगायला नको. पुढं इचलकरंजीत कापड प्रोसेसचं रंगीत पाणी. माझं मत सरळ आहे: नदीनं पुरावा आणून दिलाय आणि आपण त्याचा रस्सा करून खातोय. विरोधी मत असेल तर जरूर मांडा, पण कारणासकट.

(रोहू मी सोडला. शेजारी बसलेले काका "मला दिला असतास की" म्हणून संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.)

बोटुकली
कारणासकट मांडतो. मी मत्स्यबीजाच्या धंद्यात आहे, त्यामुळं पक्षपाती म्हणा हवं तर.

रोहू, कटला, मृगळ हे मुळात आपल्या नदीचे मासेच नव्हेत. गंगेच्या खोऱ्यातले, बीज सोडून इकडं आणलेले. तुमच्या गळाला लागलेला रोहू कुठल्या तरी तलावात किंवा शेततळ्यात सोडलेल्या बोटुकलीचा (बोटाएवढ्या पिल्लाचा) असण्याची शक्यता मोठी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती तळी नदीला मिळाली ते तुम्हीच आठवा.

बीज केंद्रात त्याच त्या नर-माद्या वर्षानुवर्षं वापरल्या, की जवळच्या नात्यातली पैदास होते आणि वाकडी पिल्लं निघतात. अंडी उबताना पाणी जास्त तापलं किंवा ऑक्सिजन कमी पडला तरी तेच. खाद्यात क जीवनसत्त्व कमी असेल तर हाडाचा सांगाडा नीट बांधला जात नाही, कणा वाकतो. मत्स्यशेतीत ही जुनी गोष्ट आहे. कल्ल्याचं आखूड झाकण तर बीज केंद्रातल्या माशांत नेहमी दिसतं. आणि असलं पिल्लू खऱ्या नदीत मोठं होत नाही, मरळ आधी त्याला गिळते. पावणेदोन किलोचा झाला म्हणजे लहानपण सुखात गेलं त्याचं. तळ्यात.

शिरोळची_पोर
वा! म्हणजे नदी निर्दोष, कारखाने निर्दोष, दोषी कोण तर माशाचे आईबाप. दादा, एकदा उन्हाळ्यात खाली आमच्याकडं तेरवाड बंधाऱ्यावर या. मासे खच पडून तरंगत असतात, केंदाळात (जलपर्णीत) अडकून सडतात. वरच्या लोकांनी घाण सोडायची आणि खालच्यांनी ते पाणी प्यायचं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, ती कुठल्या बीज केंद्रातली होती?

बोटुकली
ताई, मरण वेगळं आणि व्यंग वेगळं. मासे तरंगतात ते बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्यानं. मळी किंवा सांडपाणी साचलेल्या पाण्यात आलं की जिवाणू ते कुजवतात आणि पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतात. त्यानं मासा काही तासांत मरतो, वाकडा होत नाही. नदी स्वच्छ आहे असं मी कुठं म्हटलं? या रोहूला साक्षीदार म्हणून उभा करू नका, एवढंच म्हणतोय. कोर्टात पहिल्या उलटतपासणीत पडेल तो.

चढणीचा_नाद
माझा प्रश्न तंगूसला. आजवर किती सरळ रोहूंचे फोटो काढलेस? मी पंचवीस वर्षं गळ टाकतोय, कळंब्यापासून प्रयाग चिखलीपर्यंत. वाकडे मासे आठवतात ते तीन. सरळ किती, ते देवाला माहीत. वाकडा माणसाच्या ध्यानात राहतो, सरळ पोटात जातो. शंभरात एक की दहा हजारात एक, हे कळल्याशिवाय सगळ्या गप्पा.

शिवाय लहानपणी बगळ्यानं चोच मारलेली, गळातून सुटताना जबडा फाटलेला, जाळ्यात पिळवटलेला, असेही मासे जगतात. जखम भरते, हाड वेडंवाकडं जुळतं.

काठावरचा_भोई
लई शाळा झाली. आता माझं ऐका. आमची चौथी पिढी नदीवर. वाकडा मासा पूर्वीबी घावायचा, पण कधीमधी. अलीकडं जास्त दिसतोय, आन त्याला कारण हाय करंट. रातचं बॅटरी-इन्व्हर्टर घेऊन उतरत्यात, तारा पाण्यात सोडत्यात. मोठा मासा उलटा हुतो, त्यो घेत्यात. बाकीचा तडफडून सुटतो. त्याचा कणा तिथंच मोडतो. पुढं तुमच्या गळाला लागला की तुमी कारखान्याच्या नावानं बोंबलायचं. त्या करंटवाल्यांवर धागा काढा की! न्हाई काढायचा कुणी. गावचीच पोरं असत्यात.

पेशी_आणि_फळा
कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. भोईकाकांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. विजेच्या झटक्यानं दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम इतक्या जोरात आखडतात की मणका तुटतो. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की उसावर, भाजीवर फवारतात त्यातली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकंही वेगळ्या वाटेनं तिथंच पोचतात. स्नायूला "आता सैल हो" म्हणणारी यंत्रणा ती बंद पाडतात. शिसं, कॅडमियम यांच्यामुळंही कणा वाकतो. म्हणजे व्यंग एक आणि रस्ते पाच. नुसत्या फोटोवरून रस्ता ओळखता येत नाही, ना तंगूसला, ना बोटुकलीला.

पण म्हणून मासा साक्ष देतच नाही, हेही मला पटत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ब्लॅक रिव्हरमध्ये तळाशी राहणाऱ्या शिंगट्यासारख्या माशांत यकृताच्या गाठी फार होत्या. काठावर दगडी कोळशापासून कोक बनवणारा कारखाना होता. तो १९८३ मध्ये बंद झाला आणि पुढच्या काही वर्षांत गाठी कमी झाल्या. नंतर तळाचा गाळ उपसायला घेतला, विष पुन्हा ढवळलं, गाठी पुन्हा वाढल्या, मग परत उतरल्या. याला म्हणतात साक्ष. पण त्यासाठी मासा तळाचा होता, तिथलाच होता, आणि पोट फाडून यकृत पाहिलं होतं, तेही एका माशाचं नव्हे. आपल्याकडं विचारायचंच तर शिंगट्याला विचारा, वांबीला विचारा. त्यांचं बीज कुणी सोडत नाही. रोहू पाहुणा आहे.

शिरोळची_पोर
आणि तोवर कारखान्यांनी काय करायचं? पुराव्याची वाट बघत मळी सोडत राहायची? "अजून सिद्ध कुठं झालंय" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय.

पेशी_आणि_फळा
नाही. मळीमुळं मासे मरतात हे सिद्धच आहे, त्यासाठी वाकड्या रोहूची गरजच नाही. भक्कम पुरावा हातात असताना कच्चा कशाला पुढं करायचा?

रस्सा_प्रेमी
खायचा का नाही ते सांगा आधी.

पेशी_आणि_फळा
कणा वाकलाय म्हणून मासा विषारी होत नाही. अंगावर उघडे फोड, सडलेली जखम असेल तर नको. पण सरळ मासा म्हणजे निर्मळ मासा असंही समजू नका. जपानात मिनामाताला १९५६ मध्ये जो आजार उघड झाला, तो खाडीतले पारा भिनलेले मासे-शिंपले खाऊन झाला. पारा ना दिसतो, ना चवीला लागतो.

तंगूस (धागाकर्ता)
बरं. रोहूवरून मी माघार घेतो, नदीवरून नाही. बोटुकलीदादा, तळ्यातून आला असेलही, पण कल्ल्याची ती चिलापी अजून डोक्यातून जात नाही. चढणीचा, तुझं खरं आहे, सरळ मासे मी कधी मोजलेच नाहीत. येत्या वळवापासून वही ठेवतो: जागा, तारीख, जात, एकूण किती, त्यात वाकडे किती. शिंगटे वेगळे लिहीन. आणखी चार-पाच जण लिहिणार असतील तर सांगा, एकट्याच्या वहीला कोण विचारतंय.

चढणीचा_नाद
मी आहे. प्रयाग चिखलीपासून वरचं माझ्याकडं. तिथं शहराचं पाणी नाही, तुलनेला बरं पडेल.

काठावरचा_भोई
लिवा. आन बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) कुठल्या तारखेला काढले तेबी लिवा. साचलेलं काळं पाणी त्याच दिशी एकदम खाली जातंय. दुसऱ्या दिवसाचा मासा मोजायचा असंल तर शिरोळच्या त्या पोरीला फोन करा.