मदत हवी आहे : रूममेटच्या जाहिरातीत ‘मराठी मुलगी हवी’ असे लिहावे का?

मी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे भाड्याच्या घरात राहते आणि रिकाम्या खोलीसाठी रूममेट शोधत आहे. १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट हा अमेरिकेचा संघीय कायदा वंश, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून घर नाकारण्यास मनाई करतो. मात्र एकाच घरात राहणाऱ्या रूममेटच्या निवडीला तो लागू होत नाही, असा निर्णय नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (कॅलिफोर्निया ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते ते संघीय न्यायालय) २०१२ मध्ये दिला. (पुण्यात हा प्रश्न मला पडलाही नसता!) ‘फक्त मुलींसाठी’ लिहिण्याबाबत मी निश्चिंत आहे, परंतु ‘मराठी’ लिहावे का? शिवाय नव्या मुलीशी घरमालक स्वतंत्र करार करणार असल्याने निवड माझी मानली जाईल की त्यांची, हा खरा पेच आहे. कॅलिफोर्नियातील भाडेकायद्याच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.